मॉड अजून उपाशीच आहे

प्रिय ऊना,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली नाहीस ना? मुद्दामच तसं लिहिलं. आपल्या चित्रकथेत मॉड शार्कच्या जबड्यात सापडलेली माणसं 'वाचवा!' म्हणून ओरडायची, तेव्हा मी जी जाड, तिरपी, टोकदार अक्षरं काढायचो, त्याच अक्षरांत तुझं नाव आणि लोस्टॉफ्टचा पत्ता लिहिला आहे. तिकिटासाठी रिकामं पाकीट घेऊन आधीच गेलो, तर टपाल कचेरीतली मुलगी ते उलटंसुलटं करून म्हणाली, "आजोबा, घरी सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, पोरी, इतकं ठीक गेल्या चाळीस वर्षांत नव्हतं. तिने तिकीट चिकटवलं आणि माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

आपल्याकडे पत्राची सुरुवात हवामानाने करतात, तेवढं राहून गेलं. लुईशममध्ये पानगळ सुरू आहे. माझ्या खिडकीसमोरचं चेस्टनटचं झाड रोज थोडं थोडं उघडं होत चाललंय, आणि मी चहाचा कप घेऊन त्याच्याकडे बघत बसतो. पान गळताना आधी थरथरतं, मग देठापाशी सुटतं, आणि सुटल्यावर घाई करत नाही. पूर्वी मला वाटायचं, की गळणं हे दुःखाचं काम आहे. ॲपलगार्थबाईंनी शाळेत आमच्याकडून पानगळीच्या कविता पाठ करून घेतल्या, त्या सगळ्या रडक्या. गेल्या शनिवारपासून माझं मत बदललं आहे. का ते सांगतोच, पण मला माझ्या चालीने येऊ दे. म्हातारा माणूस आहे, सरळ रस्त्याने आलो तर मलाच घर सापडायचं नाही.

तुला शहात्तर सालचा तो उन्हाळा आठवतो का? आठवत नाही असं म्हणूच नकोस. नद्या आटल्या होत्या, हिरवळी जळून गेल्या होत्या, लोक रस्त्यावरच्या नळाला बादल्या घेऊन रांगा लावत होते आणि ठिपक्यांचे लाल किडे ढगासारखे येऊन सगळ्या शहरावर बसले होते. आमच्या कचेरीची लिफ्ट बंद. 'क्लॅक्सन' साप्ताहिक सगळ्यांत वरच्या मजल्यावर, कारण आरडाओरडा करणारी मंडळी वर ठेवावीत असा मालकांचा हिशोब. तू मेणकापडात गुंडाळलेला तो भलामोठा पुठ्ठा बगलेत मारून दारात आलीस, तेव्हा दारवान तुला म्हणाला, "मुलींचं साप्ताहिक तिसऱ्या मजल्यावर, बाई." तू म्हणालीस, "मी शार्क आणलाय." तो म्हणाला, "मग मासळीबाजार नदीपलीकडे." हा संवाद त्याने पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येकाला ऐकवला, आणि दर वेळी स्वतःचं वाक्य थोडं थोडं सुधारत नेलं.

वर आलीस तेव्हा घामाने चिंब होतीस, पण पुठ्ठा कोरडा होता. आमचे संपादक पॉटिंजरसाहेब त्या दिवशी टेकीला आले होते. नरभक्षक शार्कची नवी चित्रकथा नुकतीच सुरू झालेली, पोरं वेडी झालेली, आणि ती काढणारा रॉय डॅन्सी तीन आठवड्यांत जाहिरातवाल्यांकडे निघून गेलेला. तू पानं टेबलावर पसरलीस. साहेबांच्या सिगरेटची राख थेट मॉडच्या कल्ल्यांवर पडली आणि त्यांना भान नाही. "कुणी काढलं हे?" "मी." "नवऱ्याने?" "नवरा नाही." "मग भावाने असेल." आणि तू किती शांतपणे म्हणालीस, "साहेब, घरात मी आणि एक मांजर. मांजर मासे खातं, काढत नाही." मी कोपऱ्यात संवादांच्या फुग्यांमध्ये अक्षरं भरत बसलो होतो. हसू दाबताना माझ्या हातून निब घसरली आणि एका पाणबुड्याच्या तोंडी भलताच शब्द गेला. त्या दिवसापासून मी तुझा, हे वाक्य इथे लिहून खोडणार होतो. राहू दे.

ती पानं बघायला मी कोपऱ्यातून उठून आलो होतो, ऊना. रॉयचा शार्क चांगलाच होता, एखाद्या रेल्वेच्या इंजिनासारखा, दात असलेला. तुझी मॉड म्हातारी होती. तिचा एक डोळा दुधाळ, शेपटीचा एक तुकडा कुणीतरी कधीतरी तोडलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव, की कुठल्याशा जुन्या अपमानाची आठवण ती गेली पन्नास वर्षं चघळते आहे. नंतर कळलं, की बंदरावरून आणलेला एक छोटा शार्कमासा तू आंघोळीच्या टबात ठेवून त्याच्याकडे बघून काढत होतीस. सरकार पाणी वाचवा म्हणून कंठशोष करत होतं, तुझी घरमालकीण भाडेकरू किती पाणी वापरतात ते बघायला आली, आणि टबात डोकावली. तिची किंकाळी तू मला जशीच्या तशी करून दाखवलीस आणि म्हणालीस, "विल्फ, ही पुढच्या अंकात हवी. बरोबर अशीच." मी ती किंकाळी चार चौकटींत पसरून लिहिली. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत उत्तम अक्षर.

साहेबांनी तुला काम दिलं, पण दोन अटी घालून. मॉडला एक बाई काढते हे पोरांना कळता कामा नये. आणि सही नाही. दुसरी अट तुझ्यासाठी वेगळी नव्हती, ती आमच्या मालकांची जुनी रीत होती. चित्रकाराचं नाव छापलं तर पलीकडचा मालक त्याला पळवून नेईल, म्हणून कुणाचीच सही छापायची नाही. कुणी केलीच तर छपाईला जाण्याआधी पांढऱ्या रंगाने बुजवायची. बुजवण्याचं काम अक्षरं लिहिणाऱ्याचं, म्हणजे माझं. तू दोन्ही अटींना मान डोलावलीस आणि पहिल्याच पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, लाटेच्या फेसालगत, स्वच्छ अक्षरांत लिहून आणलंस: ऊना कॅचपोल. दुसऱ्या आठवड्यातही तेच. साहेब ओरडले, "विल्फ, लेका, या पोरीला वाचता येत नाही का?" मी म्हटलं, "येतं साहेब. लिहिताही येतं, तीच तर अडचण आहे."

सही का करतेस, असं मी तुला विचारणार होतो, नदीच्या कठड्यावर बसून आपण काकडीचे सँडविच खात होतो तेव्हा. खरं तर मला दुसरंच काही विचारायचं होतं. चित्रकथेतल्या प्रत्येक ओरडणाऱ्याला शब्द देणारा मी, त्यामुळे मॉड कुणाकुणाला खाते याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप होत होता. तेलकंपनीचा मालक गेला. खाडीत घाण सोडणारा हॉटेलवाला गेला. फुटक्या होड्या भाड्याने देणारा गेला, त्याच्या तर टोपीसकट. पण एकदाही, कथा लिहिणाऱ्याने सांगितलं तरीसुद्धा, तू तिला एखादा खलाशी, एखादा जाळं ओढणारा खाऊ दिला नाहीस. मॉड त्यांच्या अंगाला घासून जायची आणि पुढे जायची. मी म्हटलं, "तुझी म्हातारी फार चोखंदळ आहे." तू सँडविचचा कोपरा कबुतराला टाकलास आणि मग वडिलांचं सांगितलंस. भर हिवाळ्यात, जिचा तळ कुजलाय हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं अशा बोटीवर मालकाने त्यांना पाठवलं, आणि बोट आली नाही. तू म्हणालीस, "आमच्याकडे समुद्रात गेलेल्यांना नावाचा दगड नसतो, विल्फ. पुरायला काही नसलं तर दगड कशावर ठेवणार? मला कॅचपोल हे नाव कुठेतरी छापलेलं बघायचंय. टिकेल असं. बस."

तुझी पहिली पानं अजून छपाईला गेली नव्हती, आणि त्यानंतर पांढऱ्या रंगाच्या बाटलीचं झाकण उघडायला माझा हात धजेना. तो रंग एकदा शाईवर बसला की खालची शाई गेलीच समज. घासून काढायला जावं तर नावही खरवडून येतं. मी दोन दिवस विचार करत बसलो, आणि मला ॲपलगार्थबाई आठवल्या. बाई कविता शिकवताना लाकडी पट्टी टेबलावर आपटून ठेका धरायच्या आणि म्हणायच्या, "कडवं विसरलात तर माफ आहे. पालुपद विसरलात तर बाकावर उभं राहायचं. कारण पालुपद सगळ्या वर्गाचं असतं." मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, या कथेला पालुपद हवं. दर आठवड्याला शेवटच्या चौकटीत तीच एक ओळ. पोरं तोंडपाठ करतील." साहेब म्हणाले, "कविता नको रे बाबा, शार्क विकायचाय." मी कागदाच्या पट्टीवर लिहून दाखवलं: मॉड अजून उपाशीच आहे. साहेबांनी ती ओळ एकदा मनात वाचली, एकदा मोठ्याने वाचली, आणि तिसऱ्यांदा दार उघडून सगळ्या मजल्याला ऐकवली. "कुठे लावायची?" मी म्हटलं, "खाली, उजव्या कोपऱ्यात."

बाकीचं तुला माहीत आहे, किंवा तुला वाटतं की माहीत आहे. देशभरच्या पोरांनी ती ओळ बाकांवर कोरली, भिंतींवर खरडली, डबा उघडताना म्हटली. महापौर बंदराच्या उद्घाटनाची फीत कापतात आणि मॉड येते, तो अंक निघाला, आणि फीत कापणारी कात्री अजून घट्ट धरलेला तो एकटा हात बघून एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर 'शाळकरी दप्तरातला खाटीकखाना' असा मथळा दिला. दूरचित्रवाणीवर एक गृहस्थ आपला अंक दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखा धरून म्हणाले, की हे काढणारा माणूस मनोरुग्ण असला पाहिजे. आपण पॉटिंजरसाहेबांच्या खोलीत बघत होतो. तू पुटपुटलीस, "माणूस म्हणाले. चला, एवढं तरी गुपित राहिलं." मग पेपर विकणाऱ्या दुकानदारांनी अंक ठेवायला नकार दिला, मालक घाबरले, आणि ऑक्टोबरातला पूर्ण छापून झालेला अंक गाड्यांत भरून थेट लगदा करायला धाडला. साहेब जिन्यात बसून रडले. मी कुणा संपादकाला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

आणि तू माझ्यासमोर उभी राहिलीस. तुझ्या हातात छापील अंक होता, कारण मूळ पानं कुणालाच परत मिळत नसत, ती तळघरात कुलपात जायची. तू खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "साहेबांना मी दोष देत नाही. त्यांना नियम आहे. पण तू स्वतःला कवी समजतोस ना रे? माझ्या बापाचं नाव पुसलंस, आणि वर स्वतःची ओळ चिकटवलीस." काय सांगणार होतो? पुसलं नाही म्हणून? पुरावा कुलपात, कुलूप मालकांकडे, आणि त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी पांढऱ्या रंगाची बादली ओतली असती. मी गप्प बसणं हीच तुझ्या नावाची राखण होती, असं मी स्वतःला सांगितलं. तू जिना उतरलीस. तुझ्या चपलांचा आवाज प्रत्येक मजल्यावर वेगळा येत होता, आणि मी तो शेवटपर्यंत ऐकला.

पुढे कुणी सांगितलं तळघरात पाणी शिरलं, कुणी म्हणालं सगळी पानं कचऱ्यात गेली. तुझी नाताळची कार्डं येऊ लागली, दर वर्षी एक, कोपऱ्यात एक छोटा मासा आणि नावाऐवजी नुसता 'ऊ'. मी त्यावर समाधान मानायला शिकलो. मॉडचं श्रेय रॉय डॅन्सीच्या पदरात पडलं. रॉय काही वाईट नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याने त्या घेतल्या, एवढंच. बिचारा गेलाही आता. मी तुला एकदा लिहिलं होतं, की कुठेतरी दाद मागूया, तर तू कार्डावर उत्तर पाठवलंस, "जाऊ दे विल्फ, लाटेवर कोण सही करतं?" ओळ फार सुंदर होती. मी ती कपाटाला लावून ठेवली, आणि तिच्यातलं एक अक्षरही मला पटलं नाही.

आता शनिवारचं ऐक. ब्रायटनला जुन्या कॉमिकवाल्यांचा मेळावा होता. गॅव्हिन स्टेपल्स म्हणून एक गृहस्थ आहेत, पन्नाशी उलटलेले, गोल, प्रेमळ आणि हट्टी. त्यांनी कुठल्याशा गोदामाच्या लिलावात आपली मूळ पानं मिळवली. सगळी! आणि ते मॉडचं जाडजूड पुस्तक काढणार, मुखपृष्ठावर रॉय डॅन्सीचं नाव, असं मी वर्तमानपत्रात वाचलं. माझा गुडघा मला स्टेशनापर्यंतही नेत नाही, पण त्या दिवशी त्याने तक्रार केली नाही. हॉटेलच्या दालनात टक्कल पडलेले, पोट सुटलेले, डोळ्यांत दहा वर्षांचे असे शेकडो पुरुष बसले होते. व्यासपीठावर गॅव्हिन, आणि त्यांच्यापुढे प्लॅस्टिकच्या घट्ट पाकिटांत तुझी पानं. ते म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" मी काठी वर केली. म्हटलं, "विचारायचं नाही, सांगायचंय. पहिले तीन आठवडे रॉयचे. पुढची सगळी पानं ऊना कॅचपोलची." दालनात कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "मॉड बाईने काढली? काका, चहा कडक झालाय!" लोक हसले. गॅव्हिन हसले नाहीत, चांगला माणूस. ते म्हणाले, "आजोबा, मी पानपान भिंगाखाली घातलंय. सही दाखवा, आत्ता नाव बदलतो." मी म्हटलं, "शेवटच्या चौकटीतली पट्टी काढा." ते दचकले, "मूळ पान आहे! मी नख लावणार नाही." मी म्हटलं, "नखच लावू नका. पाकिटातून काढा, उभं धरा, आणि फुंकर मारा."

इथे तुला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तुला त्या जिन्यात सांगू शकलो नाही. बाकीचे फुगे मी रबरी गोंद पूर्ण थापून चिकटवायचो. पालुपदाच्या पट्टीला मात्र चारच ठिपके, चार कोपऱ्यांना, तेही टाचणीच्या डोक्याएवढे. मधल्या भागात, जिथे तुझं नाव होतं, तिथे ना पांढरा रंग, ना गोंदाचा थेंब. रबरी गोंद म्हातारा झाला की वाळतो, ठिसूळ होतो आणि धरलेलं सोडून देतो. आमच्या धंद्यातली ती सगळ्यांत मोठी तक्रार होती. मी त्याच तक्रारीवर भिस्त ठेवून बसलो होतो.

गॅव्हिननी डोळे मिटले, वाढदिवसाची मेणबत्ती विझवावी तशी हलकीच फुंकर मारली. पट्टी थरथरली. एका बाजूने सुटली, आणि माझ्या चेस्टनटच्या पानासारखी गिरक्या घेत, अजिबात घाई न करता, व्यासपीठावर जाऊन पडली. गॅव्हिननी पान जवळ घेतलं, मग लांब धरलं, मग चष्मा काढून पुन्हा जवळ घेतलं. पुढच्या रांगेतला एकजण वैतागून म्हणाला, "अरे बाबा, वाच की!" तेव्हा त्यांनी वाचलं, "ऊना कॅचपोल." दुसरं पान उचललं, फुंकर, "ऊना कॅचपोल." तिसरं. चौथं. रॉयच्या पानांवर पट्टीच नव्हती, कारण पालुपद तुझ्याबरोबर आलं होतं. मग काय सांगू तुला! ते सगळे टकलू उठले, प्रत्येकाला फुंकर मारायची होती. गॅव्हिन ओरडले, "रांगेत! रांगेत या!" आणि आपली माणसं ती, जग बुडालं तरी रांग लावणारच. एकेक जण पुढे येई, शाळेत बक्षीस घ्यायला यावं तसा कोट नीट करी, फुंकर मारी, पट्टी पडे, आणि तो मोठ्याने तुझं नाव वाची. मघाशी माझ्या चहाची चौकशी करणारा शेवटी आला. त्याच्या पानावरच्या पट्टीखाली, तुझ्या 'ऊ'च्या शेजारी, ठिपक्यांचा एक वाळका लाल किडा निघाला. तो हातात घेऊन तो माणूस लहान मुलासारखा नाचला. "शहात्तरचा आहे! आमच्या उन्हाळ्याचा आहे!" आणि मग रडायलाच लागला, आणि मला मिठी मारून म्हणाला, "काका, माफ करा, चहा माझाच कडक झाला होता."

शेवटी कुणीतरी मागच्या बाजूने सुरू केलं, हळूच, ठेक्यात: मॉड अजून उपाशीच आहे. मग रांग म्हणू लागली, मग दालन. पाय आपटत, खुर्च्यांवर ताल धरत. आणि मध्येच, कुणी ठरवलं नसताना, ओळ बदलली. त्या चालीत त्यांनी तुझं नाव घातलं. ऊना कॅचपोल, ऊना कॅचपोल. खिडक्या उघड्या होत्या, खाली समुद्र होता, भरतीची वेळ. तुझ्या वडिलांचं आडनाव शेकडो माणसं समुद्राला ओरडून सांगत होती, ऊना. मी काठीने टेबलावर ठेका धरला होता, आणि मला खात्री आहे की ॲपलगार्थबाई कुठेतरी पट्टी आपटत होत्या. सगळ्या वर्गाला पालुपद पाठ होतं. कुणालाही बाकावर उभं राहावं लागलं नाही.

आता या पत्राचं कारण. गॅव्हिननी मुखपृष्ठावरचं नाव त्याच दिवशी बदललं, आणि मला विचारलं, की ते नवं नाव हाताने लिहून द्याल का, जुन्या अक्षरांत. माझा हात हल्ली थरथरतो. तीन सकाळी नुसत्या रेघा ओढण्यात गेल्या, चौथ्या सकाळी हात शहाण्यासारखा वागला. सोबत पाठवतोय ते बघ: वरती मॉड, खाली तुझं नाव. छापण्यासाठी तुझं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, ऊना. इतके दिवस नुसतं झाकत होतो. जाडी थोडी वाढली आहे, लोस्टॉफ्टच्या बंदरावरून एखाद्या बोटीला दिसावी एवढी, पण ती तशीच राहू दे. पाकिटात पहिल्या पानावरून गळलेली पट्टीही आहे, ती मात्र तुझी. गॅव्हिन म्हणाले, बाईंनी मुखपृष्ठासाठी सही केली तर फार बरं होईल. म्हणून खालचा उजवा कोपरा कोरा ठेवला आहे. तिथे लिही, हवं तेवढं मोठं. माझ्याकडे आता गोंद नाही, आणि तिथे लावायला ओळही नाही. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने ते न्यायला मी स्वतः येतो. काम टपालानेही झालं असतं, हे तुलाही कळतं आणि मलाही. बंदरावर बसून मासे आणि चिप्स खाऊ, व्हिनेगर भरपूर घालून, आणि कठड्यावर बसलो असताना जे विचारायचं राहून गेलं होतं ते मी विचारीन. मॉडचं पोट आता भरलं. पण विल्फ अजून उपाशीच आहे.

तेव्हापासून तुझाच,
विल्फ